साठ टक्के भार दिलेला निकष गायब कसा होतो: वर्गीकरणाचा अल्गोरिदम निवडताना

जर्मन क्रेडिट हा डेटासेट मशीन लर्निंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून जातो. हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या हान्स हॉफमन यांनी तो दिला आणि १९९४पासून तो यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) डेटासेट-संग्रहात आहे. एकूण १००० कर्जदार, प्रत्येकाबद्दल २० रकाने (७ आकडी, १३ वर्गवारीचे), त्यांतले ७०० चांगले आणि ३०० वाईट. सोबत एक छोटा तक्ताही येतो आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत. वाईट कर्जदाराला चांगला म्हटलं तर दंड ५, चांगल्याला वाईट म्हटलं तर दंड १.

तो तक्ता हातात धरून दोन बिनडोक मॉडेलं तपासा. पहिलं मॉडेल सगळ्यांना कर्ज देतं. त्याची अचूकता ७० टक्के आणि दंड ३०० गुणिले ५, म्हणजे १५००. दुसरं कुणालाच देत नाही. त्याची अचूकता ३० टक्के आणि दंड ७००. अचूकतेवर निवड केली तर दुपटीहून महाग मॉडेल जिंकतं. म्हणून निकष एकापेक्षा जास्त हवेत आणि ते नीट निवडलेले हवेत, हे कुणालाही पटतं. पुढची पायरी सहसा अशी असते: टॉप्सिस किंवा एएचपी या अनेक निकषांवरून पर्याय निवडण्याच्या पद्धतींचा कोड उचलायचा, तक्ता आत टाकायचा आणि जो पहिला येईल तो घ्यायचा. गडबड या पायरीत आहे आणि ती हाताने हिशेब केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून इथे हिशेब हातानेच करू.

आधी निकष कमी करा

नेहमीची चूक म्हणजे अचूकता, प्रिसिजन, रिकॉल, एफ-वन आणि एयूसी असे पाच रकाने आणि वेळेचा एक. हे पाचही एकाच गोष्टीची वेगवेगळी मापं आहेत. प्रत्येकाला समान भार दिला तर भाकिताच्या दर्जाला सहापैकी पाच हिस्से मिळतात आणि ते कुणी ठरवलेलंही नसतं. दर्जासाठी एकच रकाना ठेवा, कामाच्या सगळ्यात जवळचा. इथे तो प्रति अर्ज सरासरी दंड आहे. कुणालाच कर्ज न देणाऱ्याचा ०.७०. ज्या मॉडेलचा दंड त्याहून जास्त, ते तुलनेत घ्यायचंच नाही.

ट्रेनिंगचा वेळही इथे काढून टाकावा. १००० ओळींवर सगळेच अल्गोरिदम पटकन शिकतात आणि मॉडेल तीन महिन्यांतून एकदा नव्याने शिकवायचं असेल तर त्या फरकाचं कुणाला सोयरसुतक नसतं. रकाना ठेवला की भार द्यावा लागतो आणि भार दिला की तो निकाल हलवतो.

मग उरतात तीन: दंड, एका अर्जाचं उत्तर यायला लागणारा वेळ आणि नकाराचं कारण सांगता येणं. तिसरा निकष हौसेचा नाही. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्यात व्यक्तीची पत ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या यादीत आहेत.

मोजताना

दंड मोजताना ०.५चा उंबरठा (ज्या शक्यतेच्या वर अर्ज नाकारायचा ती सीमा) ठेवला तर सगळं मुसळ केरात. अर्जदार वाईट असण्याची शक्यता 'श' धरली, तर कर्ज देण्याचा अपेक्षित दंड ५श आणि नाकारण्याचा (१ − श). दोन्ही जिथे समान होतात तो उंबरठा १/६, म्हणजे साधारण ०.१६७. सर्व अल्गोरिदमना हाच उंबरठा लावायचा. पण त्यासाठी मॉडेलने दिलेली शक्यता खरी शक्यता असावी लागते. रँडम फॉरेस्ट शून्य आणि एकच्या जवळ जायला कचरतं, नाइव्ह बेज उलट टोकांना पळतं. प्लॅट किंवा आयसोटॉनिक पद्धतीने कॅलिब्रेशन (मॉडेलची शक्यता खऱ्या प्रमाणाशी जुळवणं) करून घ्या, नाहीतर तुलना अल्गोरिदमची न राहता कॅलिब्रेशनची होते. ओळी कमी असतील तर प्लॅट बरी. आयसोटॉनिकला डेटा जास्त लागतो आणि थोड्या ओळींवर ती ओव्हरफिट होते, म्हणजे त्याच ओळी पाठ करते.

डेटाचे दहा फोल्ड (भाग; दर वेळी एक चाचणीला, बाकीचे शिकवायला), वर्गांचं प्रमाण राखून, पाच वेळा फिरवून. सगळ्या अल्गोरिदमना तेच फोल्ड. स्केलिंग, वन-हॉट (वर्गवारीचे ०-१ रकाने करणं), रिकाम्या जागा भरणं, पॅरामीटर शोधणं, कॅलिब्रेशन हे सगळं फोल्डच्या ट्रेनिंग भागातच. आधी सगळ्या १००० ओळींवर स्केलिंग करून मग फोल्ड पाडले तर चाचणीच्या ओळींचं पाणी आत झिरपतं. पॅरामीटर शोधताना हे केलं तर नुकसान जास्त, कारण ज्याचे पॅरामीटर जास्त त्याला फायदाही जास्त मिळतो.

वेळ मोजायचा तो एकेक अर्ज देऊन. आधी शंभरेक अर्ज सोडून यंत्र गरम होऊ द्या आणि सरासरीऐवजी पंचाण्णवावा शतमक (९५ टक्के अर्ज ज्याच्या आत आटोपतात तो वेळ) घ्या. हजार अर्ज एका दमात देऊन हजाराने भागलेला आकडा काउंटरवरच्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

तक्ता आणि टॉप्सिस

खालचे आकडे कुठल्या प्रयोगातले नाहीत. हिशेब हाताने पडताळता यावा म्हणून सोयीचे घेतले आहेत.

| | दंड | वेळ (मिलिसेकंद) | कारण सांगता येणं (१ ते ५) |
|---|---|---|---|
| लॉजिस्टिक रिग्रेशन | ०.५४ | १ | ५ |
| रँडम फॉरेस्ट | ०.५२ | ४० | २ |
| ग्रेडियंट बूस्टिंग | ०.५० | ८ | २ |
| के-निअरेस्ट नेबर | ०.६२ | ६० | ३ |

भार: दंडाला ०.६, वेळेला ०.१, कारणाला ०.३.

टॉप्सिस ही १९८१ साली ह्वांग आणि यून यांनी मांडलेली पद्धत. प्रत्येक रकान्यातला सर्वांत चांगला आकडा घेऊन एक आदर्श बिंदू करायचा, सर्वांत वाईट आकडा घेऊन दुसरा बिंदू करायचा आणि पर्याय पहिल्याच्या किती जवळ, दुसऱ्यापासून किती लांब ते मोजायचं; गुण म्हणजे दुसऱ्यापासूनचं अंतर भागिले दोन्ही अंतरांची बेरीज. त्याआधी रकाने एकाच मापात आणावे लागतात. मूळ पद्धतीत प्रत्येक आकड्याला त्या रकान्याच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागतात.

दंडाच्या रकान्यात वर्गांची बेरीज १.१९६४, वर्गमूळ १.०९४. भागून आणि ०.६ने गुणून चार आकडे मिळतात: ०.२९६, ०.२८५, ०.२७४, ०.३४०. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईटातलं अंतर ०.०६६. आता वेळ. वर्गमूळ ७२.५६. भागून, ०.१ने गुणून ०.००१, ०.०५५, ०.०११, ०.०८३. अंतर ०.०८१.

इथे थांबून पाहा. साठ टक्के भाराचा दंड पर्यायांना ०.०६६ने वेगळं करतो आणि दहा टक्के भाराचा वेळ ०.०८१ने. म्हणजे प्रत्यक्षात वेळच जड ठरला. कारण सरळ आहे. दंडाचे आकडे एकमेकांना चिकटून आहेत, ०.५०पासून ०.६२पर्यंत; वेळेचे १पासून ६०पर्यंत विखुरलेले. वर्गमुळाने भागल्यावर चिकटलेले चिकटलेलेच राहतात. अचूकता ०.९१, ०.९२, ०.९३ असा रकाना असेल तर तो जवळजवळ पुसलाच जातो. भार हा विस्ताराने गुणला जातो आणि विस्तार तुम्ही ठरवलेला नसतो.

शेवटचे गुण: लॉजिस्टिक ०.८८, बूस्टिंग ०.४१, फॉरेस्ट ०.२९, नेबर ०.२५. लॉजिस्टिकचा एकतर्फी विजय. निदान दिसतो तसा.

दुसऱ्या मापाने

आता रकाना शून्य ते एकमध्ये ताणू: सर्वांत वाईट ० आणि सर्वांत चांगला १. बाकी पद्धत तीच, भारही तेच. गुण येतात: लॉजिस्टिक ०.७२, बूस्टिंग ०.६७, फॉरेस्ट ०.६१, नेबर ०.१४. एकतर्फी विजय होता तो आता निसटता झाला. लॉजिस्टिकचा दंड ०.५४ऐवजी ०.५५ केला तर त्याचे गुण ०.६५वर येतात आणि बूस्टिंग पुढे जातं. १००० अर्जांत ०.०१चा फरक म्हणजे दंडाचे १० गुण, म्हणजे दोन वाईट कर्जदार. हजारातल्या दोन माणसांनी पहिला नंबर बदलला.

या मापाचं दुखणं मात्र वेगळं आहे. शेवटच्या नंबरावर असलेला के-निअरेस्ट नेबर यादीतून काढून टाका. तो जिंकणार नव्हताच, त्यामुळे काही बदलू नये. पण आता दंडाच्या रकान्यात सर्वांत वाईट लॉजिस्टिकच, म्हणून त्याला ० मिळतो. नवे गुण: बूस्टिंग ०.६७, फॉरेस्ट ०.४१, लॉजिस्टिक ०.३५. पहिला होता तो थेट शेवटचा. याला क्रम उलटणं म्हणतात. एएचपीमध्ये हे बेल्टन आणि गिअर यांनी १९८३मध्ये दाखवलं होतं, आणि टॉप्सिसही त्यातून सुटलेला नाही. कुणी यादीत एक टाकाऊ अल्गोरिदम घातला की नाही, यावर निवड ठरत असेल तर तो निर्णय कुणापुढे ठेवण्यासारखा नाही.

उपाय एकच आणि तो चांगला आहे. दोन्ही टोकं यादीतून घेऊ नका, कामातून घ्या. दंडाचं वाईट टोक ०.७०, कारण त्याहून वाईट मॉडेल ठेवण्यापेक्षा दुकान बंद ठेवणं स्वस्त. चांगलं टोक म्हणजे गाठायचं ठरवलेलं लक्ष्य, समजा ०.४५. वेळेला वाईट टोक १०० मिलिसेकंद, चांगलं शून्य. कारणाला १ आणि ५. या टोकांनी गुण येतात: लॉजिस्टिक ०.७०, बूस्टिंग ०.६६, फॉरेस्ट ०.६१, नेबर ०.३६. आता कुणालाही काढा किंवा नवा घाला, उरलेल्यांचे गुण हलत नाहीत. शिवाय टोकं ठरवताना 'किती वाईट म्हणजे नकोच' हा प्रश्न आपोआप विचारला जातो, आणि तो भारांच्या प्रश्नापेक्षा सोपाही आहे.

भार कुठून आणायचे

थॉमस साटी यांच्या एएचपीमध्ये निकषांच्या जोड्या लावून १ ते ९ मध्ये उत्तर द्यायचं असतं. समजा कर्ज विभागाने सांगितलं: दंड कारणापेक्षा ३ पट महत्त्वाचा, कारण वेळेपेक्षा ३ पट, दंड वेळेपेक्षा ५ पट. या उत्तरांचा तीन बाय तीन तक्ता करून प्रत्येक ओळीचा गुणाकार करा आणि घनमूळ घ्या (क्रम दंड, कारण, वेळ): २.४६६, १, ०.४०५. बेरजेने भागा: ०.६३७, ०.२५८, ०.१०५. उत्तरं एकमेकांशी जुळतात का हेही पाहायचं. तीन गुणिले तीन म्हटल्यावर दंड वेळेच्या ९ पट यायला हवा होता, सांगितला ५ पट. तरी विसंगतीचं गुणोत्तर ०.०३३ येतं आणि ०.१पर्यंत चालतं.

भार (दंड, वेळ, कारण या क्रमाने) ०.६, ०.१, ०.३ होते, आता ०.६३७, ०.१०५, ०.२५८. बैठकीत हा फरक कुणी लक्षातही घेणार नाही. तेच तक्ते, तीच टोकं घेऊन पुन्हा हिशेब करा: बूस्टिंग ०.६९, लॉजिस्टिक ०.६८. पहिला नंबर पुन्हा बदलला.

माणसांचा वाद नको म्हणून बरेच जण एंट्रॉपीने भार काढतात. शॅननची एंट्रॉपी वापरून ज्या रकान्यात आकडे जास्त विखुरलेले त्याला जास्त भार, असा तो हिशेब. वस्तुनिष्ठ आहे म्हणून तो आवडतो. आपल्या तक्त्यावर तो लावला तर वेळेला ८५ टक्के, कारणाला १४ टक्के आणि दंडाला ०.६ टक्का मिळतो. बुडणाऱ्या कर्जाला एक टक्काही नाही! एंट्रॉपी आकड्यांचा पसारा मोजते. १ मिलिसेकंद आणि ६० मिलिसेकंद यांतला फरक अर्जदाराला जाणवतही नाही, हे तिला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. महत्त्व ठरवायचं काम तिच्यावर टाकू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे. डायकुलाकी आणि सहकाऱ्यांची १९९५ची क्रिटिक पद्धत निदान एकमेकांशी जुळणाऱ्या रकान्यांचा भार कमी करते, म्हणून कुठले निकष दुहेरी मोजले जाताहेत हे शोधायला ती कामाची आहे. पण तीही भार ठरवायला नको.

भार मॉडेलचे आकडे दिसण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवायचे. नंतर ठरवले की प्रत्येक जण आपल्या लाडक्याला जिंकवणारे भार शोधतो, आणि तसं आपण करतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

एकच विजेता मागू नका

ऑप्रिकोव्हिच यांच्या विकोर या पर्यायांचा क्रम लावणाऱ्या आणखी एका पद्धतीत एक गोष्ट मनापासून आवडण्यासारखी आहे. पहिला आणि दुसरा यांच्यात पुरेसं अंतर नसेल तर ती एकट्याला विजेता घोषित करत नाही, तडजोडीचा गट देते. अंतराची अट १ भागिले (पर्याय वजा १), म्हणजे चार पर्यायांना ०.३३. आपल्या पहिल्या भारांवर, तक्त्यातलीच टोकं घेऊन आणि बहुमताचा गुणक ०.५ ठेवून (म्हणजे एकूण तोटा आणि सर्वांत मोठा एकेरी तोटा यांना समान महत्त्व देऊन) आकडे येतात, कमी तितका चांगला: लॉजिस्टिक ०, बूस्टिंग ०.२०, फॉरेस्ट ०.३२, नेबर १. म्हणजे लॉजिस्टिक, बूस्टिंग आणि फॉरेस्ट तिघंही गटात. टॉप्सिसने ०.८८ विरुद्ध ०.४१ म्हणून सांगितलेला निकाल किती ठिसूळ होता, ते इथे दिसतं. क्रम उलटण्याचा धोका विकोरलाही आहे, कारण तीही टोकं यादीतूनच घेते. तिथेही टोकं बाहेरून द्यावीत.

फोल्डमधली चढउतारही वाया घालवू नका. सरासऱ्यांचा एक तक्ता करण्याऐवजी ५० फोल्डचे ५० तक्ते करा, प्रत्येकावर पद्धत चालवा आणि कोण किती वेळा पहिला आला ते मोजा. भारांचंही तसंच: बेरीज १ होईल असे हजारो यादृच्छिक भार घ्या, हवं तर 'दंड सर्वांत जड' एवढी एक अट ठेवा, आणि विजयांची टक्केवारी काढा. लाहडेल्मा आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडलेली एसएमएए पद्धत याच वाटेची आहे. दोनच मॉडेलांच्या दंडात खरा फरक आहे का, हे पाहायचं तर साधी टी-चाचणी लावू नका. फोल्डांच्या ट्रेनिंग ओळी एकमेकांत मिसळलेल्या असतात, त्यामुळे ती फार लवकर 'हो' म्हणते. नादो आणि बेंजिओ यांची २००३ची सुधारित चाचणी घ्या.

डेटाबद्दल एक गोष्ट

उलरिके ग्रोम्पिंग यांनी २०१९मध्ये दाखवलं की या डेटासेटच्या कितीतरी रकान्यांतल्या संकेतांचे अर्थ चुकीचे लिहिले गेले होते. दुरुस्त प्रत साउथ जर्मन क्रेडिट नावाने यूसीआयवर आहे, तीच वापरा. अर्ज १९७३ ते १९७५ या काळातले आहेत आणि वाईट कर्जदार मुद्दाम जास्त प्रमाणात घेतलेले आहेत. याचा थेट परिणाम असा की इथे शिकलेलं मॉडेल खऱ्या अर्जदारांवर लावलं तर वाईट असण्याची शक्यता फुगवून सांगेल आणि १/६चा उंबरठा नको तितक्या लोकांना नाकारेल. खरं प्रमाण माहीत असेल तर ऑड्सना (वाईट भागिले चांगले) दुरुस्ती गुणक लावा: खऱ्या लोकसंख्येतले ऑड्स भागिले नमुन्यातले ऑड्स. नमुन्यातले ऑड्स ३०० भागिले ७००, म्हणजे ०.४३. कॅलिब्रेशन झाल्यानंतर ही दुरुस्ती, आधी नाही.

शेवटी अडतं कुठे

लॉजिस्टिक आणि बूस्टिंग यांच्यातला निर्णय दंडावर अडलेला नाही, वेळेवर तर नाहीच. अडलाय तो तिसऱ्या रकान्यातल्या २ या आकड्यावर. ठरवलेल्या टोकांच्या हिशेबात बूस्टिंगला तिथे २ऐवजी ३ द्या: त्याचे गुण ०.६६वरून ०.७३ होतात आणि ०.६, ०.१, ०.३ या भारांवरही ते लॉजिस्टिकच्या पुढे जातं. आणि हा २ सहसा मिनिटभरात, बोटाने हवेत काढलेला असतो.

म्हणून त्या पायऱ्यांना अर्थ द्या. ५ म्हणजे अधिकारी कागदावर गुणांची बेरीज करून निकाल पडताळू शकतो. ३ म्हणजे प्रत्येक नकारामागची मुख्य दोन-तीन कारणं नेमकी सांगता येतात आणि ती पुन्हा काढली तरी तीच येतात. के-निअरेस्ट नेबर जुने मिळतेजुळते अर्ज समोर ठेवू शकतो, म्हणून त्याला ३. १ म्हणजे फक्त गुणांकन, कारण नाही. बूस्टिंगमध्ये मोनोटोनिक बंधनं घाला, म्हणजे बाकी सगळं तेच असताना बचत वाढली म्हणून जोखीम वाढली असं मॉडेल कधी म्हणणार नाही, आणि शॅप मूल्यांवरून (निकालात प्रत्येक रकान्याचा वाटा किती ते सांगणारे आकडे) कारणं काढा. मग नाकारलेले २० अर्ज त्या कारणांसह दोन अधिकाऱ्यांना वेगवेगळे द्या आणि अर्जदाराला पाठवायचं पत्र प्रत्येकाकडून लिहून घ्या. दोघांच्या पत्रांत तीच कारणं आली तर ३, नाही आली तर २. बंधनं घातल्यावर दंड बदलू शकतो, तेव्हा ०.५० हा आकडाही त्याच फोल्डांवर नव्याने मोजायचा.